तीन पानांवरचं छत

वर्तमानपत्राच्या कचेरीत बाईंना टेबल नव्हतं. बाहेरून लिहिणाऱ्याला टेबल कशाला, असा तिथला हिशोब. पाण्याच्या यंत्राजवळ पाहुण्यांसाठी एक सोफा होता, त्याच्या एका कडेला बाई बसायच्या. त्या बसून बसून ती कडा एवढी खचली होती, की खरे पाहुणे आले की घसरत बाईंच्या अंगावर यायचे. नोकरीतली मंडळी पाठीमागे त्यांना ‘तीनपानी’ म्हणायची. शनिवारी धर्माचं पान, रविवारी कलेचं, सोमवारी शहराचं, आणि तिन्हीकडे बाईंचं काही ना काही असायचंच. तोंडावर मात्र सगळे ‘बाई’ म्हणत, कारण काम अडलं की फोन त्यांनाच करावा लागे.

आता तिन्ही पानांसाठी लिहायचं म्हणजे काय, ते घरात बसून कळायचं नाही. सकाळी कुणा धर्मगुरूचं प्रवचन, दुपारी कुणा चित्रकाराचं प्रदर्शन, संध्याकाळी पाणीपुरवठा समितीची बैठक. पिशवी एकच. त्यात प्रार्थनेच्या जागी डोक्यावर घ्यायचा रुमाल, बिस्किटांचा पुडा आणि समितीचे जाडजूड अहवाल एकमेकांना चुरगाळत पडलेले. एकदा घाईघाईत तो रुमाल डोक्यावर तसाच ठेवून बाई नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला गेल्या. दिग्दर्शकाला वाटलं, आपल्या नाटकाचा निषेध चाललाय. बिचारा पहिला अंक होईपर्यंत बाईंसमोर हात जोडून उभा.

एवढं सगळं करून बाईंच्या मनात एक सल होती. ती त्या कुणाला सांगत नसत, पण नवऱ्याला ठाऊक होती, कारण जेवताना ती बाहेर पडायचीच. इतकी वर्षं लिहिलं, पण लिहिल्यामुळे कधी काही घडलं नाही. प्रवचनं झाली तशी झाली, प्रदर्शनं उठली तशी उठली, नळाला पाणी यायचं तेव्हाच आलं.

“एकदा तरी असं व्हावं हो,” बाई म्हणायच्या, “की मी लिहिलं, लोकांनी वाचलं आणि एखादी गोष्ट वाचली.”

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून तो घरी यायचा, त्यामुळे वाचण्याबद्दलच्या गप्पांत त्याला फारसा रस नसे. “होईल गं,” एवढं म्हणून तो ताट पुढे ओढायचा.

तर असं घडलं, की बाईंच्या घराजवळच्या प्रार्थनाघरात एक नवे प्रवचनकार आले. चपला घातल्या की पाच मिनिटांत पोचावं एवढ्याच अंतरावर ते प्रार्थनाघर, म्हणून बाई कित्येक वर्षांत आत गेलेल्या नव्हत्या. जवळच्या गोष्टीचं असंच असतं. धर्माच्या पानासाठी त्या गेल्या, मागच्या बाकावर बसल्या. प्रवचन लांबलं. प्रवचनकारांना थांबायचं कुठे हे माहीत नव्हतं आणि सांगायची कुणाची छाती नव्हती. बाईंची मान अवघडली, ती मोकळी करायला त्यांनी वर पाहिलं आणि मग प्रवचन संपेपर्यंत खाली पाहिलंच नाही.

वर आकाश रंगवलेलं होतं. ढग होते, पण नाटकातल्या पडद्यावर असतात तसे गुबगुबीत, कडांना सोनेरी. आणि त्या ढगांत देवदूत नव्हते, संत नव्हते. बाह्या दुमडलेली एक सुईण होती, तिच्या हातात ओलं बाळ. घोडागाडीवाला होता. कपडे धुणारी होती, पिळा घातलेली चादर तशीच खांद्यावर. एका डोळ्याचा पहारेकरी होता आणि तो त्या एका डोळ्याने थेट बाईंकडे बघत होता.

प्रवचन संपल्यावर बाईंनी झाडलोट करणाऱ्या मावशींना गाठलं. किल्ल्याही त्यांच्याकडेच असत.

“मावशी, हे वर कोण आहेत सगळे?”

“मला काय विचारता? मी जन्मभर खाली बघून झाडलंय,” मावशी म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, “पण बघायचं असेल तर आत्ताच बघून घ्या. सगळं झाकणार आहेत. खालून पांढरं सपाट छत ठोकणार आणि त्यातून गार हवा सोडणार.”

पुढचे काही दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. जुन्या नाटक कंपनीच्या वारसांकडे गेल्या, प्रार्थनाघराच्या विश्वस्तांच्या चिटणिसाकडे गेल्या, नगरपालिकेत तर इतक्यांदा गेल्या की शिपाई उठून उभा राहायचं सोडून नुसती मान हलवू लागला. हकीकत अशी निघाली. फार जुन्या काळी नाटकाचे पडदे रंगवणारा एक रंगारी होता. कंपनी बुडाली, रंगारी बेकार झाला, प्रार्थनाघरवाल्यांनी त्याला छताचं काम दिलं. संत कधी पाहिले नव्हते, म्हणून त्याने गल्लीतली माणसं रंगवली. गल्लीत हलकल्लोळ झाला. आमच्या धुणेवालीला आम्ही मान वर करून बघायचं? तेव्हाचे म्हातारे धर्मगुरू म्हणाले, “राहू द्या. वर कुणीतरी आपल्यातलं असू दे.” आणि ते राहिलं.

ही इमारत शहराच्या जपायच्या इमारतींच्या यादीत होती. यादीत आहे तोवर छताला हात लावता येत नव्हता. म्हणून विश्वस्तांनी यादीतून नाव काढायचा अर्ज दिला होता, आणि त्याची सुनावणी येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या छोट्या सभागृहात होणार होती. नियम सरळ होता. त्या भागात राहणाऱ्या एका माणसाने जरी सुनावणीत उभं राहून हरकत घेतली, तर प्रकरण तज्ज्ञांकडे जाणार आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत छत जसंच्या तसं राहणार. कुणीच हरकत घेतली नाही, तर नाव तिथल्या तिथे कमी. सुनावणीची सूचना लावली होती जिन्यामागच्या फळ्यावर, जिथे फक्त झाडू ठेवतात.

मावशींना बाई म्हणाल्या, “तुम्ही या ना.”

“मला नोकरी करायचीय,” मावशी म्हणाल्या. “आणि माझं नाव नका घालू कुठे. तुम्ही लिहा. लोक वाचतील, येतील.”

“येतील,” बाई म्हणाल्या. “शब्द देते.”

तो शब्द देताना बाईंना वाटलं, हीच ती. जिची आपण इतकी वर्षं वाट पाहिली, ती हीच गोष्ट.

बाईंनी एक मोठा लेख लिहिला. झकास लिहिला. घेऊन गेल्या धर्माच्या पानाच्या संपादकांकडे. हे गृहस्थ इतके शांत बोलत, की समोरच्याला आपल्या कानात दडे बसल्याचा भास व्हावा.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण यात भांडण आहे. माझ्या पानावर भांडण नसतं, बाई. शनिवारी सकाळी लोक शांती शोधत असतात. आणि हे तर चित्रांचं आहे, कलेकडे द्या.”

कलेच्या पानाच्या संपादिका तरुण होत्या आणि नेहमी उभ्यानेच बोलायच्या, म्हणजे समोरच्याला बसायला सांगावं लागत नाही. “बाई, वाव! पण रंगारी हयात नाही. मुलाखत कुणाची घ्यायची? आणि ही सुनावणी वगैरे मला नको. ते शहरचं.”

शहराच्या पानाचे संपादक एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहा असे जगत आले होते. त्यांनी पहिली चार वाक्यं वाचली. “सुईण? ढग? बाई, हे काय आहे? हे तर धर्मवाल्यांचं.”

झाली फेरी पूर्ण. जिथून निघाल्या तिथेच बाई सोफ्याच्या खचलेल्या कडेवर येऊन बसल्या. पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं, आणि बाईही जवळपास तेच करत होत्या. एक जिवंत गोष्ट हातात आहे, तिच्यात देवही आहे, रंगही आहे आणि नगरपालिकाही आहे, म्हणून ती कुणाचीच नाही! माणसाला ताप, खोकला आणि पाठदुखी एकदम झाली तर तीन डॉक्टरांनी त्याला तीन दारांतून परत पाठवावं, तशातली गत.

मग बाईंनी काय केलं, तर त्या लेखाचे तीन तुकडे केले. म्हाताऱ्या धर्मगुरूंची हकीकत धर्माच्या पानाला. रंगाऱ्याची कलेच्या पानाला. अर्ज, यादी आणि नियम शहराच्या पानाला. आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तेच वाक्य: या छताची सुनावणी गुरुवारी सकाळी अकराला नगरपालिकेच्या छोट्या सभागृहात आहे, या भागातला कुणीही रहिवासी हरकत घेऊ शकतो. तिघांनीही तुकडे घेतले. तुकडा असला की कुणालाच अडचण नसते.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी भिंग घेऊन धर्माचं पान मोठ्याने वाचलं. ते भिंग लेकाने दुकानातून आणून दिलेलं, चांगलं बशीएवढं होतं. सासूबाईंना वाचायला आवडे आणि त्याहून ऐकवायला आवडे. “‘वर कुणीतरी आपल्यातलं असू दे.’ वा! बरं लिहिलंयस गं.”

“पुढे वाचा आई. शेवट.”

“झाला की शेवट.”

बाईंनी पान हातात घेतलं. शेवटचं वाक्य नव्हतं. त्या जागी फुलाचं छोटं चित्र होतं.

फोनवर धर्माचे संपादक नेहमीपेक्षाही शांत होते. “तारीख-वेळ आमच्या पानावर शोभत नाही, बाई. ते शहराच्या पानावर येतंय ना? मला वाटलं, तिथे आहेच.”

बाईंनी लगेच कलेच्या संपादिकेला फोन लावला. “उद्याच्या लेखातलं शेवटचं वाक्य कापू नका. हात जोडते.” पलीकडून कुठल्यातरी उद्‌घाटनाच्या टाळ्या ऐकू येत होत्या. “नाही हो बाई, डोन्ट वरी.”

रविवारी कलेच्या पानावर अर्धं पान भरून छायाचित्र आलं. सुईण, ढग, पहारेकऱ्याचा तो डोळासुद्धा. फोटो इतका मोठा होता की लेखाला खालून कात्री लागली. आता वर्तमानपत्रात कात्री नेहमी खालूनच लागते, हे बाईंना कोवळ्या वयापासून माहीत होतं. तरी तळमळीचं वाक्य त्यांनी तिन्ही ठिकाणी तळाशीच ठेवलं होतं, कारण कळकळ शेवटी मांडायची असते असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावा असं त्यांना झालं.

“फोटो लहान केला असता तर लोकांना दिसलं काय असतं?” संपादिका म्हणाल्या. “आणि शहरला येतंय ना ते!”

राहिला सोमवार. रविवारी दुपारी बाई स्वतः शहराच्या संपादकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शेवटचं वाक्य पहिलं करा. संपादकांनी मान हलवली, पण ती फोनवरच्या माणसासाठी होती की बाईंसाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी बातमी आली. पाच ओळींची. ‘प्रार्थनाघराच्या नूतनीकरणाचा अर्ज विचाराधीन.’

“दोन दिवस तेच चाललंय बाई तुमचं छत,” शहराचे संपादक म्हणाले. “शनिवारी आलं, रविवारी अर्धं पान आलं. तारीख तिथे दिली असेल ना? मी परत कशाला देऊ?”

“तुम्ही तिघं एकमेकांची पानं वाचत नाही का हो?” बाई ओरडल्या. कचेरीत पहिल्यांदाच ओरडल्या असतील. दोघातिघांनी माना वळवल्या.

“वेळ कुठे असतो,” संपादक म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलत होते. तीच तर चीड आणणारी गोष्ट होती. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मग बाई फोनला चिकटल्या. ओळखीच्या प्रत्येकाला कळवलं. उत्तरं भराभर आली. ‘लेख अप्रतिम!’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ ‘फोटो कुणी काढला?’ गुरुवारी याल का, असं विचारलं की मात्र लोक गुळमुळीत बोलू लागत. एकाला बँकेत जायचं होतं, एकीची मुलगी येणार होती, एकजण म्हणाला बघतो, आणि बघतो म्हणणारा कधी दिसत नाही. वाणी म्हणाला, “बाई, तुम्ही एवढं लिहिलंय म्हटल्यावर होईलच की काहीतरी.” बाईंना वाटलं, वजनकाट्यावर डोकं आपटावं.

गुरुवारी बाई वेळेआधीच नगरपालिकेत पोचल्या. छोटं सभागृह खरोखरच छोटं होतं. निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, खिडकीशी एक पंखा, तो चालू केला की कागद उडायचे आणि बंद केला की माणसं घामेजायची. दाराशी बसलेल्या कारकुनाने बाईंना ओळखलं. “या बाई. पत्रकारांचं बाक तिकडे, भिंतीशी.” बाई भिंतीशी जाऊन बसल्या. पेन काढलं, कागद काढले.

पुढच्या रांगेत विश्वस्तांचे चिटणीस, इस्त्रीचा शर्ट घालून. बाकी खुर्च्या रिकाम्या. अकरा वाजले. बाई दाराकडे बघत होत्या. कुणीतरी डोकावलं, पण ते जन्मदाखल्याची खिडकी विचारत होतं.

अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती. त्यांनी अर्ज वाचला, नाक पुसलं, नियम वाचला. मग म्हणाले, “या भागातल्या रहिवाशांपैकी कुणाची हरकत आहे का?”

पंख्याचा तेवढा आवाज.

बाईंचा संताप संताप होत होता. त्या निळ्या खुर्च्यांकडे बघून त्यांना एकेक चेहरा आठवत होता. त्या शांत संपादकांचा, उभ्याने बोलणाऱ्या संपादिकेचा, वाण्याचा, बँकेत गेलेल्याचा. एकही नाही! एवढ्या मोठ्या वस्तीत एक माणूस नाही, ज्याला दोन वाक्यं बोलायला उभं राहता येईल! त्यांनी कागदावर लिहिलं: खुर्च्या रिकाम्या.

“मी पुन्हा विचारतो,” अधिकारी म्हणाले. “कुणाची हरकत?” त्यांची नजर खोलीभर फिरली. रांगांवरून फिरली, दारावर थांबली, मग भिंतीशी आली. बाईंच्यावर ती क्षणभर जास्तच रेंगाळली. बाईंनी मान खाली घातली आणि त्यांचे शब्द बरोबर टिपून घेतले. ‘पुन्हा’ हा शब्द सुटायला नको होता. बातमीत तो महत्त्वाचा होता.

“हरकत नाही, असं नोंदवा,” अधिकारी कारकुनाला म्हणाले, आणि शिंकले.

घरी येऊन बाईंनी जी बातमी लिहिली, तशी त्यांनी जन्मात लिहिली नव्हती. रागाने माणूस एकतर वाटेल ते लिहितो, नाहीतर एकदम नेमकं लिहितो. बाईंनी नेमकं लिहिलं. पंखा, खुर्च्या, दोनदा विचारलेला प्रश्न आणि त्यानंतरची ती शांतता. संध्याकाळी शहराच्या संपादकांचा स्वतःहून फोन आला.

“बाई, याला म्हणतात बातमी! पहिल्या पानावर घेतोय, नावासकट. एक शब्द कापलेला नाही, बघा.”

बाईंना आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. झाला, आणि त्या आनंदाचीही चीड आली. आठवडाभर ज्याने पाच ओळी दिल्या, तो आता सगळं संपल्यावर पहिलं पान देत होता.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि पहिल्या पानावरून सुरुवात केली. बाई समोर चहा घेऊन बसल्या होत्या. नवरा दुकानाची किल्ली शोधत होता. सासूबाई सावकाश, एकेक शब्द चघळत वाचत होत्या. खुर्च्यांच्या वर्णनाला त्यांनी “अरेरे” म्हटलं. मग शेवटाशी आल्या.

“‘दोन वेळा विचारूनही या भागातल्या एकाही रहिवाशाने हरकत घेतली नाही.’” त्यांनी भिंग मांडीवर ठेवलं. “काय माणसं आहेत एकेक! एकाला उठून बोलवेना?”

“तेच तर, आई. आठवडाभर घसा कोरडा केला मी.”

“आणि तू गेली होतीस ना तिथे?”

“मी गेले नसते तर हे छापून कसं आलं असतं?”

“मग तू का नाही बोललीस?”

बाईंनी कप खाली ठेवला. “अहो आई, मी पत्रकार म्हणून गेले होते. आम्ही भिंतीशी बसतो.”

“ते असेल गं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखरच कळत नसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “पण राहतेस तर इथेच ना तू?”

नवऱ्याने किल्ली शोधायचं थांबवलं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तीन संपादक, वाणी, फोटोचा आकार, खालून लागणारी कात्री, आठवडाभर साठवलेला सगळा राग ओठांवर आला आणि कुणाच्या नावाने तो फोडायचा तेच त्यांना कळेना. काल त्या संपूर्ण सभागृहात या भागात राहणारं एकच माणूस होतं, आणि ते टिपून घेत होतं. मावशींना काय सांगायचं? शब्द दिला होता आपण.

त्यांनी सासूबाईंच्या मांडीवरून पेपर ओढून घेतला आणि ते शेवटचं वाक्य स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. कुठे चूक सापडते का, शब्द इकडचा तिकडे झालाय का, ते पाहिलं. वाक्य बरोबर होतं.